सात-आठ वर्षांच्या पोरांना पास आणि रिसीव्हिंग कसं शिकवावं?

पेठेतला_फुटबॉल
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात ७ ते ९ वर्षांच्या १४ मुलांचा सराव घेतो. वेळ एक तास, मैदान कडक मातीचं, बॉल चार, सगळे ५ नंबरचे. शाहू स्टेडियमवर मोठ्यांच्या मॅचेस बघून पोरांना लांब किकची हौस फार. पास द्यायचा म्हटलं तरी बुटाच्या टोकानं मारतात. आलेला बॉल पायावर आपटून लांब उडतो, नाहीतर पायाखालून निसटतो. समोरासमोर रांगा लावून पास करून घेतो तेव्हा बरं जमतं, मॅचमध्ये मात्र काहीच दिसत नाही. काय बदलू?

डावा_बॅक
सर, आधी बॉल बदला. ५ नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. या वयाच्या पायाच्या आतल्या बाजूनं तो मारायला जड जातो, म्हणून पोरं टोक वापरतात. ४ नंबरचा साधारण ३५० ते ३९० ग्रॅम भरतो, तो घ्या. सात वर्षांच्यांना ३ नंबरचाही चालेल. कडक मातीवर हवा जरा कमी ठेवा: दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर बॉल थोडा आत गेला पाहिजे.

पास देताना आधी टेकलेला पाय बघा. तो बॉलच्या शेजारी हवा, मध्ये लहान वीतभर अंतर, बोटं जिकडे पास द्यायचा तिकडे. हा पाय मागे राहिला की अंग मागे झुकतं आणि बॉल उचलला जातो. मारायचा पाय बाहेर वळवून बोटं वर ओढायची, घोटा घट्ट. घोट्याच्या हाडाखालचा सपाट भाग बॉलच्या बरोबर मध्यावर लागू दे. घोटा सैल असेल तर पासात जोरच येत नाही.

बॉलभोवती रंगीत इन्सुलेशन टेपचा एक पट्टा गोल चिकटवा आणि तो पासाच्या दिशेत उभा राहील असा बॉल ठेवा. पास नीट लागला तर पट्टा सरळ फिरतो, कडेला लागला तर लडखडतो. चूक मुलाला स्वतःलाच दिसते, आपल्याला ओरडावं लागत नाही.

मैदानावरची_ताई
वरचं सगळं बरोबर, पण खरी गळती रिसीव्ह करताना होते आणि तिकडे कोणी बघत नाही. मुलं पाय खूप वर उचलतात, म्हणून बॉल खालून जातो. पाऊल जमिनीपासून दोन-तीन बोटंच वर हवं. बॉल लागताना पाय ताठ असला की तो उडतो. लागण्याच्या क्षणी पाय किंचित मागे घ्यायचा.

मात्र बॉल तळव्याखाली दाबून थांबवायला शिकवू नका. तसा थांबवला की पुढचा पास द्यायला आधी तो पायातून बाहेर काढावा लागतो, तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. पहिल्याच टचमध्ये बॉल तिरका, अर्धा ते एक मीटर पुढे, मोकळ्या बाजूला गेला पाहिजे. त्यासाठी अंग थोडं तिरकं ठेवायचं आणि येणाऱ्या बॉलपासून जो पाय लांब असेल त्याच्यावर तो घ्यायचा.

रांगा तर आजच बंद करा. रांगेत कोणी अडवायला नसतं, कुठे द्यायचा हे ठरवावं लागत नाही. मॅचमध्ये नेमकं तेच लागतं. चार बॉल आहेत तर गट ४, ४, ३, ३ असे करा. चारांच्या गटात ८ बाय ८ मीटरच्या चौकोनात तिघांविरुद्ध एक: तिघांनी आपसात पास द्यायचे, चौथ्यानं मध्ये राहून अडवायचं. मधल्यानं सुरुवातीला नुसतं चालायचं, जमायला लागलं की पळू द्या. मधला मिनिटाभरानं बदलायचाच, "बॉल हिसकावला तरच बाहेर" असा नियम नको, नाहीतर सगळ्यात कच्चं पोर मध्येच अडकून पडतं. तिघांच्या गटात दोघं दहा मीटर अंतरावर समोरासमोर, तिसरा मध्ये: एकाकडून घ्यायचा, वळायचं, दुसऱ्याला द्यायचा. बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागे बघायला लावा. मागच्यानं हातानं एक ते पाच बोटं दाखवायची आणि मधल्यानं आकडा ओरडायचा. काही वेळानं गटांची अदलाबदल करा.

डावा_बॅक
ताईंशी सहमत. फक्त या वयात "दोनच टच" (बॉलला दोनदाच पाय लावून पास द्यायचा) अशी अट घालू नका. ड्रिबल करायची, म्हणजे बॉल पायाशी ठेवून पुढे न्यायची ओढ असू द्या, पासासाठी तासातली वीस मिनिटं बास. शेवटची वीस मिनिटं छोट्या गोलांवर तीन-तीन किंवा चार-चारच्या मॅचेस. कडेला उभे पालक "पास दे, पास दे" ओरडत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. पोर मान वर न करता आवाजाच्या दिशेनं बॉल ढकलून देतं.

पेठेतला_फुटबॉल
आभारी आहे. टेप आणि गट उद्यापासूनच. एक राहिलं: दोन-तीन पोरं बॉल आला की डोळे मिटून पाय बाजूला घेतात. आणि पावसात मैदानाचा चिखल होतो तेव्हा काय?

मैदानावरची_ताई
त्यांना बॉल लागण्याची भीती असते. तीन मीटरवरून हातानं हळू घरंगळत सोडा, बॉल ३ नंबरचा, हवा आणखी कमी. नडगीवर शिनगार्ड असलेच पाहिजेत. भीती गेली की एकेक मीटर मागे सरका आणि मग पायानं पास द्या. चिखलात जमिनीवरचा पास मध्येच अडतो आणि पोरं पुन्हा टोक वापरायला लागतात, म्हणून त्या दिवशी पासाचा सराव नकोच. शाळेचा हॉल किंवा शेड मिळाली तर अंतर पाच-सहा मीटरवर आणा, कारण फरशीवर बॉल फार वेगानं येतो.