मदत हवी आहे: गंभीर विषाणूजन्य न्यूमोनियात न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज नेमके कोणाच्या बाजूने?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या सेमिनारला जन्मजात प्रतिकारशक्ती आणि श्वसनमार्गाचे गंभीर विषाणूसंसर्ग हा विषय घेतलाय. वाचावं तितका गोंधळ वाढतोय.

उंदरांच्या वायुकोशांतले (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतले) मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी, काढून टाकले की इन्फ्लुएन्झा जास्त बळावतो. म्हणजे ते हवेत. पण गंभीर कोविडमध्ये फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात दाह भडकवणारे मॅक्रोफेजच सापडतात. २०२०च्या 'रिकव्हरी' या कोविड औषधचाचणीत रोज ६ मिग्रॅ डेक्सामेथासोन या दाह दाबणाऱ्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी झाले, मात्र ऑक्सिजन न लागलेल्यांना काहीच फायदा नाही. या पेशी घातक असतील तर त्यांना सुरुवातीलाच का दाबायचं नाही? आणि रक्तात न्यूट्रोफिल (जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसतात ते आजार बळावल्यामुळे, की त्यांच्यामुळेच आजार बळावतो?

गाईड म्हणतात, "दुधारी शस्त्र लिहा आणि पुढे चला." मला ते पटत नाही.

सूक्ष्मदर्शी:
बरं केलंत, पुढे गेला नाहीत ते. दोन्ही अभ्यासांत मॅक्रोफेज एकच नाव असलं तरी पेशी वेगळ्या आहेत. वायुकोशातले मूळ रहिवासी जन्माच्या सुमारास तिथे स्थिरावतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात आणि दाह आवरून धरतात. गंभीर आजारात ते कमी होतात आणि त्यांच्या जागी रक्तातून आलेल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून बनलेले मॅक्रोफेज येतात. दाह भडकवणारे मुख्यतः हे. उंदरांतून काढले होते ते पहिले, तुमच्या द्रवात दिसले ते दुसरे.

स्टेरॉइडचं कोडं वेळेचं आहे. सुरुवातीचे दिवस विषाणू आवरण्याचे असतात, आणि ते काम इंटरफेरॉनचं, म्हणजे विषाणूविरुद्ध पेशींना सावध करणाऱ्या प्रथिनांचं. जीवघेण्या कोविडच्या सुमारे १० टक्के रुग्णांत इंटरफेरॉनलाच निकामी करणारी स्वतःच्याच शरीराची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आढळली, त्यातही पुरुष बरेच जास्त. तेव्हा पहिला अडसरच ढिला असलेल्यांना आजार गाठतो. अशा वेळी स्टेरॉइड देऊन उरलासुरला प्रतिकारही कशाला दाबायचा? पुढे विषाणू ओसरू लागला तरी दाह चालूच राहतो, तिथे ते औषध कामाला येतं.

रक्तरेषा:
न्यूट्रोफिलबद्दल मी सांगते. कारण की परिणाम, तर दोन्ही. आजार बळावला की अस्थिमज्जा ते जास्त सोडते, हे खरंच. पण फुप्फुसात पोचल्यावर ते स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. २००४ मध्ये हे पहिल्यांदा वर्णन झालं, तेव्हा चर्चा जिवाणूंना अडकवण्याची होती. या जाळ्यातले हिस्टोन (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) आणि इलास्टेज (प्रथिनं तोडणारं विकर) वायुकोशाचं अस्तर आणि केशवाहिन्यांच्या भिंती पोखरतात, प्लेटलेट अडकून बारीक गुठळ्या होतात. तिथे ते आजाराचं कारण ठरतात.

तरी सगळे न्यूट्रोफिल काढून टाका, असं कोणी म्हणणार नाही. १९१८च्या साथीत बहुतेक मृत्यू मागाहून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले. त्या जिवाणूंशी लढणार कोण?

मूळ प्रश्नकर्ता:
डोकं बरंच मोकळं झालं, आभार! एक शेवटचं. रक्तातल्या न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) यांच्या संख्यांच्या गुणोत्तराची स्लाइड केली आहे, वेगवेगळ्या पेपरांतले आकडे एकत्र घेऊन. ठेवू ना?

रक्तरेषा:
सावध! स्टेरॉइडने रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट घटतात. रुग्ण सुधारत असला तरी गुणोत्तर चढलेलं दिसेल. प्रत्येक आकड्यासमोर नमुना औषधाआधीचा की नंतरचा ते लिहा. ज्या पेपरात ते दिलेलंच नाही, तो आकडा सरळ गाळा.