कॉइलओव्हर: गाडी खाली घेतल्यावर पुढून आपटते आणि वळणात जास्त कलते

गिअर_पाचवा:
पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच खांबात असलेलं सस्पेंशन). कॉइलओव्हरची (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-डॅम्पर जोडीची) रिंग फिरवून पुढची बाजू ३५ मिमी खाली घेतली आहे. आता लहान खड्ड्यातही ठक्क आवाज येतो आणि गाडी वळणात आधीपेक्षा जास्त कलते. डॅम्पर पार कडक केला, काही फरक नाही. स्प्रिंग बदलू का?

चिमटापाना:
आधी डॅम्पर मधल्या क्लिकवर आणा. तो स्प्रिंगचा वेग आवरतो, उंची ठरवत नाही. रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडताना होणारा विरोध) फार कडक असला तर चाक वेळेत खाली येत नाही आणि लागोपाठ खड्ड्यांत गाडी बसतच जाते.

मग डस्ट कव्हर वर सरकवून डॅम्परच्या रॉडवर झिपटाय घट्ट बांधा, डॅम्परच्या बॉडीला टेकवून. चक्कर मारून या. टाय बंप स्टॉपपर्यंत (शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) गेला असेल तर डॅम्परचा प्रवासच संपतोय. तुमच्या डॅम्परची बॉडी खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर फिरत असेल, तर चाक अधांतरी ठेवून स्प्रिंग जेमतेम सैल न राहील इतकी बसवा आणि उंची ब्रॅकेटने घ्या. स्ट्रोक (डॅम्परचा प्रवास) शाबूत राहतो. तशी सोय नसेल तर १५ मिमी वर घ्या.

तिरका_आर्म:
कलण्याचं कारण वेगळं. गाडी जमिनीवर असताना लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बघा. चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं असेल, तर रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरलंय. म्हणून खाली घेऊनही कलते. कडक स्प्रिंग हे झाकते, बरं करत नाही. उंची वाढवा किंवा लांब बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा सांधा) लावा. स्टॅबिलायझरची (कलणं कमी करणाऱ्या दांड्याची) लिंकही तपासा, आर्मला घासू शकते.

गिअर_पाचवा:
टाय बंप स्टॉपला चिकटलाय. ब्रॅकेटला आटे नाहीत. १५ मिमी वर घेतो. मोजायचं कुठून?

चिमटापाना:
चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवाही मोजमापात येते. आट्यांचं अंतर बहुधा २ मिमी, म्हणजे साडेसात फेरे. पण आधी एक फेरा मोजून बघा. रिंग फिरवण्यापूर्वी आटे ब्रशने साफ करा, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे जातात. खाली उतरवल्यावर गाडी थोडी पुढेमागे ढकला, मगच मोजा.

तिरका_आर्म:
आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी बाहीचे) बोल्ट सैल करून, चाकांवर वजन असतानाच परत ठरलेल्या टॉर्कने आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहून फाटतं. शेवटी टो आणि कॅम्बर (चाकांचे कोन) करून घ्या, हेडलाइटची दिशाही.