मदत हवी आहे: आजीचं खरं जन्मसाल कसं शोधावं?

नमस्कार मंडळी. आमची आजी मागच्या वैशाखात गेली. वर्षश्राद्धाला तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायची आहे, पण गाडी पहिल्याच ओळीवर अडली आहे. आधार कार्डावर १ जानेवारी १९३५. ही तारीख सरसकट कशी टाकतात ते सगळ्यांना ठाऊक आहेच!

ती स्वतः सांगायची, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी जन्म. सालाचं नाव नाही. स्वातंत्र्याच्या वेळी ‘परकर नेसत होते, लगीन नव्हतं झालं’. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात पहाटे आत्याला गोधडीसकट उचलून खळ्यात पळाली, मग दारातली म्हैस सोडायला परत आत गेली. आजोबा तेव्हा परळला गिरणीत. १९८२ च्या संपानंतर ते गावी आले ते कायमचेच, आणि त्याच म्हशीच्या रेड्यांवर, पारड्यांवर आणि दुधावर तिने घर ओढलं. (आजोबांचं वर्णन ती जरा वेगळ्या शब्दांत करायची, ते पुस्तिकेत घेता येणार नाही.)

माहेर पाटण तालुक्यातलं. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची (गाव नमुना १४), नक्कल तहसीलमधून कुणी काढली आहे का? अर्जात साल माहीत नसेल तर काय लिहायचं? नोंद मोडी लिपीतली निघाली तर वाचून देणारं कुणी आहे का? आणि नाशिकचे तीर्थोपाध्याय घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवतात, त्या वहीत लेकीबाळींची नावं असतात, की फक्त पुरुषांचीच?