पडद्याची शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी घरी जाणे कितपत सुरक्षित?

प्रश्न:
माझी आई ६४ वर्षांची असून तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा (रेटिना) सुटल्याचे काल निदान झाले. परवा व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातील जेलीसारखा पदार्थ काढण्याची शस्त्रक्रिया) करून, पडदा जागी दाबून धरण्यासाठी डोळ्यात वायू भरणार आहेत आणि संध्याकाळीच घरी सोडणार आहेत. इतक्या नाजूक शस्त्रक्रियेनंतर एक रात्रही रुग्णालयात न ठेवणे मला धास्तीचे वाटते. शिवाय नजर कितपत परत येईल?

प्रतिसाद १ (नेत्रशल्यचिकित्सक):
आपली धास्ती स्वाभाविक आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी नेत्रशल्यचिकित्सक रॉबर्ट मॅकेमर यांनी ही शस्त्रक्रिया रूढ केली, तेव्हा छेद सुमारे २.३ मिलिमीटरचा असे. आज तो जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो, बहुधा टाकाही लागत नाही आणि डोळ्यापुरती भूल पुरते, म्हणून रात्रभर खाटेवर ठेवण्याने सहसा काही अधिक साधत नाही. मात्र हृदयविकार किंवा अनियंत्रित मधुमेह असेल, अथवा घरी सोबतीला कोणी नसेल, तर मुक्कामाचा आग्रह जरूर धरा.

पडदा पहिल्याच शस्त्रक्रियेत बसण्याचे प्रमाण साधारणपणे दहापैकी साडेआठ ते नऊ इतके आहे. पडदा बसणे आणि नजर परत येणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्याचा मध्यबिंदू, म्हणजे मॅक्युला, अजून चिकटून असेल तर नजर बरीचशी टिकते. तो सुटला असेल तर सुधारणा महिनोनमहिने हळूहळू होते आणि बारीक अक्षरे वाचणे पूर्वीसारखे जमेलच असे नाही. आपल्या आईंच्या बाबतीत नेमके काय आहे, हे डॉक्टरांना आजच विचारा.

प्रतिसाद २:
मी स्वतः यातून गेलो आहे. माझ्यासाठी खरी कसोटी घरी आल्यावर होती, कारण वायूने पडदा नीट दाबून धरावा म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या स्थितीत मान ठेवणे दुसऱ्या दिवसापासून फार जड जाते. उशांची आणि टेबलाची सोय आधीच करून ठेवा. पुढे पाण्याच्या पातळीसारखी एक रेषा दिसू लागते आणि वायू विरेल तशी ती खाली सरकते, त्याने घाबरू नये. वायू पूर्ण जाईपर्यंत विमानप्रवास करू नये आणि दुसऱ्या कोणत्याही कारणाने भूल द्यायची झाल्यास डोळ्यात वायू आहे हे आवर्जून सांगावे, कारण भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडने डोळ्यातला वायू फुगून दाब धोकादायक वाढू शकतो.

प्रश्नकर्ती:
दोघांचीही आभारी आहे. रात्री-अपरात्री कोणत्या लक्षणांवर धाव घ्यावी?

प्रतिसाद १:
किंचित खुपणे, लाली आणि पाणी येणे चालते. वेदना वाढत जाणे, मळमळ, नजर आणखी मंदावणे किंवा पू दिसणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. जंतुसंसर्ग अत्यंत विरळ असला तरी त्यात तास मोलाचे असतात. डोळ्यातला दाब तपासण्यासाठी दुसऱ्या दिवशीची भेट चुकवू नये. पुढील दोनतीन महिन्यांत पडद्यावर व्रणाचे पापुद्रे धरून तो पुन्हा सुटू शकतो, त्यामुळे कडेने सावली दिसल्यास त्याच दिवशी दाखवा. या वयात काही महिन्यांनी त्याच डोळ्यात मोतीबिंदू वाढणे मात्र अपेक्षितच असते आणि त्यावर उपाय आहे.