'शाळा' परत वाचली, पिक्चर परत पाहिला, आणि वाद घालायचाय

पानगळ:
मिलिंद बोकीलांची 'शाळा' तिसऱ्यांदा वाचून काढली आणि दुसऱ्याच दिवशी सुजय डहाकेंचा पिक्चर लावला, २०१२ चा, आणि खरं सांगते, मन खट्टू झालं. पिक्चर वाईट नाहीये, पोरं सगळी गोड आहेत, पण त्यात जोशी हरवलाय हो. पुस्तकात सगळं त्याच्या डोक्यातून येतं, नववीतल्या पोराची ती आगाऊ, मधेच हळवी होणारी बडबड, त्याला आवडणाऱ्या शिरोडकरने नुसतं वळून बघितलं तरी त्याचा किती कीस पाडतो तो! पडद्यावर काय, तर एक मुलगा एका मुलीकडे बघतोय. बास. माझं तर स्पष्ट मत झालंय की ज्या कादंबरीचा जीव निवेदनात आहे तिच्यावर पिक्चर काढूच नये.

रीळवाला:
काढूच नये?? अजिबात पटलं नाही. याच पिक्चरला रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय.

पानगळ:
मिळू दे की, पुरस्काराने माझा जोशी परत येतो का?

रीळवाला:
बरं, पुरस्कार सोडा. मी शिरोडकरबद्दल बोलतो. पुस्तकात ती आपल्याला कायम जोशीच्या नजरेतून दिसते, तिच्या मनात काय चाललंय ते तो सांगेल तेवढंच, आणि तो तर बिचारा अंदाजच बांधत असतो. पडद्यावर केतकी माटेगावकरचा चेहरा आहे, जोशी काय समजतोय ते बाजूला ठेवून आपण तिच्याकडे सरळ बघू शकतो, ती गप्प असते तेव्हा तर जास्तच. ही मुलगी मला पुस्तकात एवढी कधी भेटलीच नव्हती. तुम्ही काय गेलं तेच मोजताय, काय आलं ते पण बघा ना.

दिवेलागण:
मी रीळवाल्यांच्या बाजूने. 'सिंहासन' घ्या, १९७९ चा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या मिळून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा केली, म्हणजे किती काय गळलं असेल विचार करा. तरी तो पत्रकार दिगू टिपणीस! निळू फुले अर्धा वेळ नुसते ऐकत असतात, मान हलवतात, सगळ्यांचं राजकारण पोटात घालतात, आणि शेवटी ते हसत सुटतात ना, तिथे मला आजही कसंतरी होतं. ते हसू कागदावर कसं लिहिणार?

पानगळ:
पण 'सिंहासन' मध्ये गोष्ट सांगणारा 'मी' कुठे आहे? तिथे घटना आहेत, माणसं आहेत, डावपेच आहेत, ते पडद्यावर येणारच. माझं म्हणणं फक्त 'मी' वाल्या कादंबऱ्यांबद्दल आहे, ते नीट वाचा आधी.

ओलीमाती:
मधेच बोलते, 'नटरंग' विसरलात सगळे. आनंद यादवांची कादंबरी मी खूप आधी वाचलेली, गुणा पैलवानाचा तमाशातला नाच्या होतो हे कळलं होतं पण अंगावर आलं नव्हतं. पिक्चरमध्ये अतुल कुलकर्णींनी आधी शरीर कमावलं आणि मग उतरवलं, तो गडी आपल्यासमोर झिजतो हो! पहिल्यांदा कंबर लचकवायला जातो तेव्हा खांदे पैलवानाचेच राहतात, ते बघून मला रडू आलं. पण पानगळ, तुझंही चूक नाही, 'शाळा' वाचून मला जोशीशी बोलावंसं वाटलं होतं, पिक्चर बघून नाही वाटलं.

रीळवाला:
हे मात्र मान्य. त्याच्याशी दोस्ती पुस्तकातच होते.

पानगळ:
चला, तेवढं तरी मान्य केलंत! आणि तुमचा शिरोडकरचा मुद्दा मला झोंबला, कारण मी तीनदा वाचून तिचा विचार जोशीशिवाय एकदाही केला नव्हता. पिक्चर परत लावते, यावेळी फक्त तिच्याकडे बघत. मत बदलेल असं नाही म्हणत हं.