मदत हवी आहे: पुठ्ठ्याला चिकटवलेलं जुनं चिनी रेशमी बुद्धचित्र कसं वाचवावं?

नमस्कार मंडळी,

आत्याचे यजमान लष्करात होते. साठच्या दशकात कालिम्पाँगला असताना त्यांनी एका तिबेटी कुटुंबाकडून हे रेशमी चित्र विकत घेतलं. आत्याने ते आता माझ्याकडे सोपवलंय. आकार साधारण दोन बाय दीड फूट. मधे कमळावर बसलेला बुद्ध, मांडीवरच्या दोन्ही हातांत कलश, म्हणजे अमितायुस (दीर्घायुष्याचा बुद्ध). खाली अष्टमंगलातले शंख, जोडमासे, धर्मचक्र.

घरात सगळे याला भरतकाम म्हणतात. मला ते विणलेलं वाटतं. एक कोपरा पुठ्ठ्यापासून सुटलाय, त्यामागे टॉर्च धरला तर ढगांच्या उभ्या कडांना बारीक फटी दिसतात आणि मागच्या बाजूलाही तेच ढग आहेत. चिनी 'केसी' विणकामाची हीच खूण ना? आपल्या पैठणीच्या पदरासारखंच त्यातही प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) वेगळ्या छोट्या कांडीने, त्या रंगापुरताच फिरवतात. पैठणीत शेजारचे रंग अनेकदा एकमेकांत अडकवतात. केसीत तसं न केल्याने फट राहते. डोळे आणि ओठ मात्र कुंचल्याने रंगवलेले दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात यमांतक या उग्र बौद्ध देवतेचं मोठं मंडल आहे, साधारण १३३०-३२ चं, तेही केसीच. आमचं चित्र तेवढं जुनं असेल असं मी अजिबात म्हणत नाही, पण छिएनलुंग बादशहाच्या (१७३६-९६) काळाच्या आसपासचं असू शकेल का?

खरी काळजी वेगळीच आहे. कुणीतरी ते सरसाने पुठ्ठ्याला चिकटवून काचेला टेकवून फ्रेम केलंय. मुंबईच्या पावसाळ्यात तपकिरी डाग पडलेत, बुद्धाच्या गुडघ्यापाशी रेशीम उभं चिरत चाललंय. फ्रेमवाला म्हणतो, वाफ देऊन सोडवतो. शेजारच्या काकू ड्रायक्लीन सुचवतात. दोन्हीची मला भीती वाटते. लाल रंग पाण्याने फुटला तर परत येणार नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगावं:
फ्रेम आत्ताच उघडावी की तज्ज्ञाला दाखवेपर्यंत हातच लावू नये?
मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात खासगी कापडाचं काम कुणी करून घेतलंय का? खर्च किती आला?

आतेभावाला ते अमेरिकेला न्यायचंय. पण वस्तू १०० वर्षांहून जुनी ठरली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती अशी बाहेर नेता येत नाही. वय ठरवून लेखी दाखला कोण देतं, हेही कळलं तर फार बरं होईल. सुटलेल्या कोपऱ्याचे दोन्ही बाजूंचे फोटो खाली देतेय.