पाळी थांबलेली असताना अंडाशय बंद करण्याचे इंजेक्शन कशासाठी?

सुमेधा:
माझ्या वहिनींचे वय ४३ आहे. स्तनाचा कर्करोग मणक्यात पसरला असून बायोप्सीत ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला) असे आले आहे. डॉक्टरांनी लेट्रोझोल व (कर्कपेशींचे विभाजन रोखणाऱ्या) रायबोसिक्लिबच्या गोळ्यांबरोबर दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली अंडाशय बंद करणाऱ्या गोसेरेलिनचे इंजेक्शन सांगितले आहे. केमोपासून पाळी आलेलीच नाही. मग हा खर्च टाळता येणार नाही का?

डॉ. मीरा:
सुमेधाताई, इंजेक्शन कृपया चुकवू नका. केमोमुळे पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्ती आली असे नव्हे; चाळिशीतील अंडाशय काही महिन्यांनी पुन्हा काम करू लागू शकतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबी, स्नायू अशा ऊतींत अरोमाटेज या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) तयार होते आणि लेट्रोझोल तेच रोखते. अंडाशय चालू असतील, तर इस्ट्रोजेन घटल्याचे कळताच मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथी एफएसएच हे अंडाशयांना चालना देणारे संप्रेरक वाढवून त्यांना अधिकच कामाला लावते आणि गोळीचा उपयोग राहत नाही. मधेच रक्तस्राव दिसला तर लगेच कळवा. अंगातून गरम वाफा येतात म्हणून हार्मोनची कोणतीही गोळी परस्पर घेऊ नये.

अनिरुद्ध:
अंडाशय काढल्याने पसरलेला स्तनकर्करोग आटोक्यात येऊ शकतो, हे ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्येच दाखवले होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पसरलेला स्तनकर्करोग असलेल्या, पाळी चालू असलेल्या स्त्रियांना अंडाशय दाबणारे ब्युसेरेलिन आणि इस्ट्रोजेनचा परिणाम अडवणारे टॅमॉक्सिफेन एकत्र दिल्यावर उपचारानंतर जगण्याचे मध्यक (निम्म्या स्त्रिया ज्याहून अधिक जगल्या ते) आयुर्मान ३.७ वर्षे आले; केवळ टॅमॉक्सिफेनवर ते २.९, तर केवळ ब्युसेरेलिनवर २.५ वर्षे होते. आपल्या प्रश्नाला हा पुरावा मला सर्वांत जवळचा वाटतो. मोनालिसा-७ या रायबोसिक्लिबच्या चाचणीत गोसेरेलिन दोन्ही गटांना, म्हणजे रायबोसिक्लिब मिळालेल्या व न मिळालेल्या स्त्रियांना, होते. तिथे रायबोसिक्लिबची भर पडल्यावर ४२ महिन्यांनी हयात असण्याचे अंदाजित प्रमाण ४६ वरून सुमारे ७० टक्क्यांवर गेले. म्हणजे एवढा फायदा दिसला तो अंडाशय दाबलेले असतानाच.

सुमेधा:
आता उलगडा झाला, मनापासून आभार. पण दरमहा खर्च झेपला नाही तर?

डॉ. मीरा:
तर इंजेक्शन लांबवण्याऐवजी, दुर्बिणीतून दोन्ही अंडाशय काढून टाकण्याविषयी डॉक्टरांना विचारा. हा खर्च एकदाच होतो. मात्र ही शस्त्रक्रिया मागे फिरवता येत नाही, त्यामुळे अंतिम निर्णय वहिनींचाच असू द्या.